काळजी करणं आणि काळजी घेणं: डोक्यातलं दळण थांबत का नाही

मागच्या वर्षीची जानेवारीतली संध्याकाळ. सात वाजता मी बाबांना फोन लावला, पूर्ण रिंग वाजली, उचलला नाही. बाबा कराडजवळच्या आमच्या गावी एकटेच असतात, वय ७१, बीपीची गोळी चालू, आणि मी इकडे पुण्यात. परत लावला, परत नाही. आता पुढच्या सात मिनिटांत माझ्या डोक्यात काय काय झालं ते जरा नीट सांगते, कारण सगळा विषय त्या सात मिनिटांतच आहे.

पहिलं मिनिट, बाथरूममध्ये असतील. दुसरं, बाथरूममध्ये पडले तर नसतील? तिसरं, सकाळी गोळी घेतली का ते विचारायचंच राहिलं. चौथ्या मिनिटाला मी शेजारच्या काकूंचा नंबर शोधत होते आणि तो कुठल्या नावाने सेव्ह केलाय तेच आठवेना. पाचव्या मिनिटाला बाबा दवाखान्यात होते, मी स्वारगेटला बसची वाट बघत होते, ऑफिसात रजेचा मेसेज काय टाकायचा त्याचे शब्दसुद्धा जुळवून झाले होते. हात गार पडलेले, पोटात गोळा, गॅसवर दूध उतू गेलं ते करपल्याचा वास आला तेव्हा कळलं. आणि मग फोन वाजला.

"आगं लाईट आली व्हती, मोटार चालू कराय गेलतो मळ्यात. फोन घरीच व्हता चार्जिंगला. काय झालं, एवढं फोन?"

जीव भांड्यात पडला. हे तीन शब्द लक्षात ठेवा, त्यांच्यावर मी परत येणार आहे.

आपल्या मराठीत एक फार चांगली सोय आहे जी आपण रोज वापरतो पण तिच्याकडे बघत नाही. काळजी घेणं आणि काळजी करणं. शब्द एकच, क्रियापद बदललं की अर्थ पार बदलतो. बाबांच्या गोळ्यांची आठवड्याची डबी भरून देणं, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेणं, काकूंचा नंबर नीट नावाने सेव्ह करणं, ही झाली काळजी घेणं. त्या सात मिनिटांत मी जे केलं ते काळजी करणं, त्यातून बाबांना काडीचाही उपयोग झाला नाही. पण खरी गोम पुढेच आहे, आतून बघताना दोन्ही अगदी सारखंच वाटतं. काळजी करताना डोकं दमतं, अंग दमतं, त्यामुळे आपण काहीतरी काम करतोय, घरच्यांसाठी काहीतरी करतोय असंच वाटत राहतं. आणि आपल्याकडे तर काळजी हे प्रेम मोजायचं माप आहे, "तुला काही काळजी आहे का घरच्यांची" हे ऐकत आपण मोठे झालो, विशेषतः बायका. मग शांत बसलेलं माणूस बेफिकीर वाटतं आणि आपण शांत बसलो की आपल्यालाच अपराधी वाटतं.

आधी शरीराचं बघू, कारण निम्मी भीती शरीरामुळेच वाढते. मेंदूत आत खोलवर बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग असतो, अमिग्डाला म्हणतात त्याला, धोक्याची घंटा वाजवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. धोका जाणवला की ॲड्रेनॅलिन रक्तात सुटतं आणि शरीर लढायच्या नाहीतर पळायच्या तयारीला लागतं, हे अमेरिकेतल्या वॉल्टर कॅनन या शास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच मांडून ठेवलंय. मोठ्या स्नायूंना जास्त रक्त हवं म्हणून छाती धडधडते. कातडीतलं रक्त कमी होतं म्हणून हात गार पडतात. पळायचंय तेव्हा जेवण पचवत बसण्यात अर्थ नाही म्हणून पचन मंदावतं, आपण त्याला पोटात गोळा आला म्हणतो. श्वास भरभर आणि वरवर चालतो, त्याने शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मग गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. समोर साप असेल तर हे सगळं उत्तमच आहे हो. अडचण अशी की ही घंटा साप बघूनही वाजते आणि सापाच्या विचारानेही वाजते. बाबा पडलेले मी डोक्यात बघितले, शरीराने ते खरंच मानलं. आणि मग माणूस त्या धडधडीलाच घाबरतं, हे हार्टचं तर नाही ना, की धडधड अजून वाढते. (इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, छातीत दुखलं, दम लागला, डावा हात भरून आला तर टेन्शन असेल म्हणून घरी बसू नका, लगेच जाऊन दाखवा. टेन्शनच होतं हे डॉक्टरने तपासून ठरवायचं, आपण नाही.)

आता ते जीव भांड्यात पडणं. माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली तिथे आहे आणि मला ती बऱ्याच उशिरा सापडली. बाबांचा आवाज ऐकला आणि मला जे हायसं वाटलं ना, ते मेंदूसाठी बक्षीस असतं. आणि बक्षीस मिळालं की मेंदू शिकतो. काय शिकला? तर अस्वस्थ वाटलं की फोन करायचा, मग बरं वाटतं. म्हणजे उद्या अस्वस्थ वाटलं की परत फोन, परवा दोनदा. जानेवारीत मी दिवसातून दोनदा फोन करायचे, मार्चपर्यंत पाच-सहा वेळा, आणि तरीही मी जानेवारीपेक्षा जास्तच घाबरलेली होते. प्रत्येक वेळी हायसं वाटायचं पण ते टिकायचं कमी कमी. कुलूप लावून परत परत ओढून बघणं हे तेच, मेसेज गेला पण ब्लू टिक आली का बघत राहणं हेही तेच, रात्री दीड वाजता डोकेदुखीची कारणं गुगल करणं, नवऱ्याला "सगळं ठीक होईल ना" हे सतरा वेळा विचारणं, सगळं एकाच घरातलं. या सगळ्यात आपण मेंदूला एक गोष्ट कधी कळूच देत नाही, की फोन केला नसता तरी बाबा मळ्यात मोटार चालू करून सुखरूपच परत आले असते आणि आपली धडधडही तासाभरात आपोआप उतरली असती.

याच्या जोडीला अजून एक घोटाळा होतो. आपण शंभरदा काळजी करतो, बहुतेक वेळा काही होत नाही, पण मेंदू हिशेब असा लिहितो की काळजी केली म्हणून काही झालं नाही. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीत ल्युकस लाफ्रेनियर आणि मिशेल न्यूमन यांनी यावर एक अभ्यास केला होता, २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सतत काळजीचा आजार असलेल्या २९ लोकांनी दहा दिवस आपल्या काळज्या लिहून काढल्या आणि मग महिनाभर तपासलं, त्यातलं खरं किती झालं. शंभरातल्या साधारण ९१ काळज्या खऱ्या झाल्याच नाहीत. अभ्यास छोटा आहे, पण ती माणसं रोज किती ओझं वाहत होती आणि कशासाठी, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं.

याच न्यूमनबाईंनी सँड्रा लेरा यांच्याबरोबर २०११ मध्ये एक विचार मांडलाय, तो वाचला तेव्हा मला आमची आज्जी आठवली. त्यांचं म्हणणं असं की काही लोक काळजी सोडत नाहीत कारण त्यांना दुःखापेक्षा आनंदातून दुःखात एकदम आपटण्याची भीती जास्त असते, म्हणून ते आधीच थोडे दुःखी राहतात, म्हणजे पडलं तरी फार उंचावरून पडायला नको. आता सांगा, आपल्या घरात मुलं खूप खिदळायला लागली की "जास्त हसू नका, रडायची वेळ येईल" कोण म्हणायचं? आज्जीने दोन मुलं लहानपणी गेलेली बघितली होती, तिचं तसं म्हणणं मला समजतं. पण तिच्याकडून ते आईकडे आलं, आईकडून माझ्याकडे, आणि मी रविवारी दुपारी सगळे घरी असताना, भात-आमटी खाऊन पंख्याखाली पडलेले असताना, मनात पाल चुकचुकली की उठून बसायचे. सगळं चांगलं चाललंय म्हणजे आता काहीतरी होणार, असं.

मग लोक सांगतात, विचारच करू नकोस. हा सल्ला मनापासून दिलेला असतो पण तो चालत नाही आणि का चालत नाही तेही माहितेय. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. आणि नंतर त्याच मुलांना खुशाल अस्वलाचा विचार करा म्हटलं तेव्हा त्यांच्या मनात अस्वल पहिल्यापासूनच विचार करायला सांगितलेल्या मुलांपेक्षा जास्तच आलं. कारण विचार करत नाहीये ना हे तपासायला मनाचा एक कोपरा सतत त्याच विचाराला शोधत असतो. दाबलेला चेंडू पाण्याखाली राहत नाही तसं.

दाबायचं नाही तर करायचं काय? पुढे ढकलायचं. थॉमस बोर्कोव्हेक नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये हे करून बघितलं, रोज एकच वेळ आणि एकच जागा ठरवायची, अर्धा तास, आणि काळजी करायची ती तिथेच. दिवसभरात काळजी आली की तिला हाकलायचं नाही, फक्त सांगायचं, संध्याकाळी बघू. मला हे पहिल्यांदा पोरकटपणा वाटला होता. पण करून बघितलं. माझी वेळ सव्वासहा, जागा गॅलरीतली प्लास्टिकची खुर्ची, पलंगावर अजिबात नाही कारण पलंग आणि काळजी यांची एकदा जोडी जमली की झोपेचं वाटोळं होतं. ओट्यापाशी एक छोटी वही ठेवली. दिवसा काही डोक्यात आलं की दोन शब्द लिहायचे, "बाबा खोकला", "हप्ता तारीख", "पोराचं गणित", आणि हातातलं काम पुढे. सव्वासहाला वही घेऊन बसायचं आणि मग मनसोक्त काळजी करायची, परवानगी आहे. आणि काय झालं सांगू, निम्म्या काळज्या संध्याकाळपर्यंत शिळ्या झालेल्या असायच्या. सकाळी अकराला ज्याने घशात घास अडकला होता ते सव्वासहाला वाचून त्यात काही दमच नसायचा. उरलेल्यांचे दोन ढीग करायचे, ज्याचं मला काही करता येतं आणि ज्याचं येत नाही. हप्त्याची तारीख, करता येतं, बँकेच्या ॲपमध्ये रिमाइंडर लावला, संपलं. बाबांचा खोकला, उद्या सकाळी दहाला डॉक्टरांना फोन. लिहिताना क्रियापद लिहायचं, काय करणार आणि किती वाजता, नाहीतर परत दळण सुरू.

ज्याचं काहीच करता येत नाही तो ढीग अवघड असतो. तिथे खरा प्रश्न त्या गोष्टीचा नसतोच, नक्की माहीत नसण्याचा असतो. मिशेल डुगास या कॅनडातल्या संशोधकाचं सगळं काम यावरच आहे, की फार काळजी करणाऱ्यांना वाईट बातमीपेक्षा अनिश्चितताच सोसत नाही. आणि सोसण्याची सवय लावता येते, पण विचार करून नाही, थोडं थोडं सोसूनच. मी बाबांशी ठरवलं, फोन रोज रात्री साडेआठला, मध्ये नाही, काही झालं तर काकू मला फोन करतील. बाबा म्हणाले, "बरं झालं बाई, मला बी धड काम हुतंय." पहिले चार दिवस फार वाईट गेले. संध्याकाळी सात-सव्वासातला हात आपोआप फोनकडे जायचा, छातीत धडधड, मी भाजी निवडत बसायचे आणि श्वास सोडताना सावकाश, घेतला त्याच्या दुपटीने लांब सोडायचे, कारण लांब उच्छ्वासाने हृदयाची गती थोडी खाली येते, हे कुणालाही नाडीवर बोट ठेवून बघता येईल. श्वासाने काळजी जात नाही हं, त्यासाठी तो नाहीच, तो फक्त फोन न करता बसायला मदत करतो. आठव्या-नवव्या दिवशी मी सात वाजून गेलेले विसरले. घड्याळात आठ दहा झाले होते.

अजून एक गोष्ट सांगायची राहते ती भाषेची. आल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पन्नासच्या दशकात विवेकनिष्ठ मानसोपचार सुरू केला, आपल्याकडे तो कि. मो. फडके यांनी रुजवला, डॉ. आनंद नाडकर्णींनी घरोघरी पोचवला. त्यात सांगतात की आपण मनात "असं व्हावं" म्हणत नाही, "असं झालंच पाहिजे" म्हणतो, तिथे गाठ बसते. बाबांना काही होऊ नये असं मला फार फार वाटतं, हे खरं आहे आणि राहणारच. बाबांना काही होताच कामा नये, हा हुकूम झाला, आणि हा हुकूम पाळणं कुणाच्याच हातात नाही. वरवर शब्दांचा खेळ वाटतो पण स्वतःच्या काळजीचं वाक्य एकदा कागदावर लिहून त्यात "च" कुठे आहे बघा.

आणि काळजी खरी झाली तर? झाली. श्रावणात बाबा अंगणात शेवाळावरून घसरले, उजवं मनगट मोडलं. मी वही काढून बघितली, सहा महिन्यांच्या नोंदी, हार्ट, बीपी, खोकला, रात्रीचा मळा, साप, सगळं होतं, अंगण कुठेही नव्हतं. काकूंचा फोन आला, मी साडेअकराची बस पकडली, आणि बसमध्ये मला जाणवलं की मन गप्प आहे. बॅगेत चार्जर घेतलाय, एटीएममधून पैसे काढायचेत, भावाला कळवायचंय, एवढंच. मी पोचेपर्यंत काकूंच्या मुलाने बाबांना दवाखान्यात नेऊन एक्सरेसुद्धा काढून आणला होता. जानेवारीतल्या त्या सात मिनिटांत मी जे डोक्यात बघितलं त्यात काकूंचा मुलगा नव्हता. काळजी आपल्याला पडलेला माणूस दाखवते आणि तिथेच थांबते, धावत येणारी माणसं ती दाखवत नाही, आणि त्या वेळी आपण स्वतः कसे उभे राहू तेही दाखवत नाही.

घरात असं काळजी करणारं माणूस असेल तर दोन गोष्टी टाळा एवढं मनापासून सांगते. "उगाच टेन्शन घेतेस" म्हणू नका, त्याने काळजी कमी होत नाही, ती फक्त एकटी पडते. आणि तीच शंका दहाव्यांदा विचारली तर दहाव्यांदा दिलासाही देऊ नका, ते वर सांगितलेलं बक्षीसच असतं. त्यापेक्षा "वाटणारच गं काळजी, आपण याचं काय करायचं ठरवलं होतं?" एवढं विचारून शेजारी बसा, चहा ठेवा (रात्री नको, चहा-कॉफीने धडधड वाढते).

आणि हे सगळं घरच्या घरी पुरत नाही असंही होतं. सहा महिने झाले, बहुतेक दिवस काळजी, थांबवू म्हटलं तरी थांबत नाही, झोप नाही, चिडचिड, मान-खांदे आखडलेले, कामात लक्ष नाही, असं असेल तर तो स्वभाव नाही, आजार आहे, आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टर बऱ्याचदा सात प्रश्नांची एक छोटी चाचणी देतात, २१ पैकी गुण, १० किंवा जास्त आले तर नीट तपासणी करायची. थायरॉइडही बघून घेतात कारण ते वाढलं तरी अशीच धडधड आणि हाताला कंप येतो. गोळ्यांची भीती वाटते लोकांना. यासाठी ज्या गोळ्या मुख्यतः देतात त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्यांचं व्यसन लागत नाही, फक्त मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. सवय लागते ती अल्प्राझोलमसारख्या झटपट शांत करणाऱ्या गोळ्यांची, त्या शेजारणीला लागू पडल्या म्हणून मेडिकलमधून आणून घेऊ नका. जवळ मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

माझ्या आत्याने अकरा वर्षं पोटाच्या तपासण्या केल्या, दुर्बीण झाली, सोनोग्राफी झाली, प्रत्येक रिपोर्ट नॉर्मल आणि प्रत्येक नॉर्मल रिपोर्टनंतर ती चार दिवस बरी. शेवटी एका तरुण डॉक्टरने तिला विचारलं, "आत्या, पोट दुखायच्या आधी मनात काय चाललेलं असतं?" ती म्हणते, हे मला आजपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं, आणि ती तिथेच रडली. आता तिचे उपचार चालू आहेत, दर पंधरा दिवसांनी बोलायला जाते. मागच्या महिन्यात ती एकटी एसटीने कोल्हापूरला गेली, पाण्याची बाटली घेतली, पोटाच्या गोळ्यांची पिशवी घरी कपाटात ठेवून गेली.